खुकरी, मामा आणि मुंबईतले तीन दिवस

दिवस पहिला : 7 डिसेंबर

कोकणकन्या पहाटे दादरला थांबली तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवशी सहा डिसेंबर झालेला. चैत्यभूमीवर आलेली माणसं परतीच्या गाड्यांची वाट बघत चादरी अंथरून झोपली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या उशाशी पुस्तकांची पिशवी होती. मामा बॅग खाली ठेवून बराच वेळ बघत राहिले. "बाय, एवढ्या लांबून येतात ही माणसं," ते म्हणाले, "यायला जागा आहे म्हणून येतात."

आम्हीही एका जागेच्या शोधातच आलो होतो. नऊ डिसेंबरला मुंबईत असायचंय, एवढंच मामांनी दिवाळीत सांगितलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघ्याचं दुखणं, आणि त्यात रात्रीचा प्रवास. घरातल्या सगळ्यांनी नको म्हटलं. मी शाळेत रजा टाकली आणि दोन तिकिटं काढली, कारण नऊ डिसेंबर ही तारीख मला लहानपणापासून माहीत होती. त्या दिवशी मामा रात्री जेवत नाहीत. का जेवत नाहीत, ते आम्हाला अर्धंच ठाऊक होतं.

मामा नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. लालबागला गावकीच्या खोलीत वीसेक जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळीत. 1971 साली ते चोवीस वर्षांचे होते. डॉकयार्डात दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांमध्ये एक होती आयएनएस खुकरी, त्याच वर्षीच्या युद्धात 9 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेली. 'कपबशी ठेवली तरी कळायचं तिचं इंजिन कसं चाललंय,' असं मामा सांगतात. इंग्लंडमध्ये काउज इथे बांधलेली, 1958 साली आपल्या नौदलात आलेली, ब्लॅकवुड वर्गातली पाणबुडीविरोधी फ्रिगेट. त्याच वर्गातल्या तिच्या दोन बहिणी, किरपाण आणि कुठार. मामांच्या भाषेत, "बॉयलर दोन, पंखा एक." डॉकयार्डात प्रोपेलरला पंखाच म्हणतात. मोठ्या जहाजांना दोन पंखे असतात, एक बिघडला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. खुकरीला एकच होता.

प्रभादेवीला मावसभावाकडे आंघोळ, पोहे, थोडी झोप. दुपारी मी मामांना मशीद बंदरला घेऊन गेले. हे ठिकाण मी आधी शोधून ठेवलं होतं. गोदीच्या अंगाला, मालाच्या लॉऱ्या आणि हातगाड्यांमधून वाट काढत गेलं की इंडियन सेलर्स होम लागतं. खलाशांचं वसतिगृह. बोट मिळेपर्यंत थांबणारी पोरं अजून तिथे असतात, हातात कागदपत्रांच्या फायली घेऊन. तिथेच पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं स्मरणग्रंथात आहेत. तशीच प्रत बांगलादेशात चितगावला आहे आणि त्यातली नावं सहा हजारांच्या वर आहेत. त्यांतले बहुतेक नौदलाचे नव्हेत, व्यापारी बोटींवरचे. कोळसा ओढणारे, भट्टीपाशी उभे राहणारे, भांडी घासणारे. युद्ध त्यांनी पुकारलेलं नव्हतं. पाणतीर म्हणजे टॉर्पेडो बोटीला लागला की सगळ्यात खाली असलेला माणूस सगळ्यात आधी जायचा.

ऑफिसात विचारलं. तिथल्या गृहस्थांनी कारण विचारलं, मामांनी "डॉकयार्डचा माणूस आहे" एवढंच सांगितलं आणि आम्हाला आत सोडलं. नावांच्या ओळींसमोर मामा उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत एकेक नाव वाचू लागले. मोठ्याने. इब्राहिम, अब्दुल, शेख. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावांमध्ये हीच नावं. त्या गावांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर गेलीत. आमच्या शेजारच्या वाडीत अजून 'बोटीवरचे' म्हणून ओळखली जाणारी घरं आहेत.

"ह्यांची खुकरी नव्हे, पण ह्यांचंही थडगं समुद्रच," मी म्हटलं.

"हो," मामा म्हणाले, "पण नाव लिहिलंय ना. कुणीतरी बसून लिहिलंय."

अर्धा तास गेला. मी घाई केली नाही. निघताना मामांनी त्या गृहस्थांना विचारलं की खुकरीच्या पोरांची नावं इथे का नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की हे स्मारक त्या दोन महायुद्धांपुरतंच आहे. मामांनाही ते माहीत होतं. तरी विचारलं.

रात्री जेवताना मामांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. खुकरीच्या इंजिनरूममध्ये उत्तर प्रदेशचा एक मुलगा होता. मामांच्याच वयाचा. जेट्टीवर दोघं एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचे. सात डिसेंबरच्या संध्याकाळी त्याने मामांच्या हातात तीस रुपये दिले आणि घरी मनिऑर्डर करायला सांगितलं. बोट निघणार होती, त्याला पोस्टात जायला सवड नव्हती.

"मग केली ना मनिऑर्डर?" मावसभावाच्या बायकोने विचारलं.

"केली," मामा म्हणाले आणि ताक पिऊन उठले.


दिवस दुसरा : 8 डिसेंबर

8 डिसेंबर 1971 रोजी खुकरी आणि किरपाण मुंबईहून निघाल्या. कुठार यंत्रातल्या बिघाडामुळे मागे राहिली. दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी असल्याची खूण लागली होती. तिने पाठवलेले रेडिओ संदेश आपल्या लोकांनी पकडले होते आणि ते कुठल्या दिशेने येतात ते शोधून काढलं होतं. म्हणून पाणबुडी मारणारी जहाजं तिकडे धाडली.

आज त्या निघण्याच्या जागेजवळ जायचं, असं मामांनी ठरवलं होतं. सकाळी लोकलने चर्चगेट, तिथून टॅक्सी लायन गेटला. डॉकयार्डचं हे दार मामांनी पस्तीसेक वर्षं रोज ओलांडलं. आज ते रस्त्याच्या पलीकडे, सावलीत उभे राहिले. आत जाता येत नाही. आत गौरव स्तंभ आहे, नौदल दिनी म्हणजे 4 डिसेंबरला तिथे पुष्पचक्र वाहतात. मामा नोकरीत असताना त्याच्यावरून येता-जाता मान लववायचे. आता पास नाही. लढाऊ जहाजं दुरुस्त होतात तिथे कुणीही उठून आत जाऊ नये, हे मामांना कुणी सांगायला नको. तरी त्यांची नजर दाराच्या आत, डावीकडे, किती वेळ होती. मलाही वाटलं, वर्षातून एक दिवस, एक तास, निवृत्त कामगारांना आणि गेलेल्यांच्या घरच्यांना तिथवर नेऊन आणावं. एवढंच मागणं आहे.

जवळच विक्रांतचं स्मारक आहे, त्या जहाजाच्याच धातूपासून केलेलं, 2016 साली उभारलेलं. विक्रांत 1971 मध्ये बंगालच्या उपसागरात लढली. नंतर पंधरा वर्षं इथेच संग्रहालय म्हणून होती, आम्ही शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर पळालो होतो. 2014 मध्ये ती मोडीत काढली. मामांनी स्मारकाच्या धातूकडे फिटरच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं केलं, जहाज गेलं तरी तिचं लोखंड डोळ्यांसमोर राहिलं." खुकरीचं लोखंड दीवपासून साधारण 40 सागरी मैलांवर, समुद्राच्या तळाशी आहे.

इथे डॉकयार्डच्या भिंतीपाशी 14 ऑगस्ट 2013 चीही आठवण काढली आम्ही. सिंधुरक्षक पाणबुडीत मध्यरात्री स्फोट झाले आणि ती धक्क्यालाच बुडाली. 18 जण गेले. मामा तोवर गावी आलेले होते, रात्रभर टीव्हीसमोर बसले होते. लढाई नव्हती, शत्रू नव्हता, किनारा हाताच्या अंतरावर होता.

तिथून पायीच फोर्टातून जीपीओकडे निघालो. मध्ये एका इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा. मामांनी बशीत चहा ओतला. मी काही बोलले नाही.

जीपीओची इमारत 1913 ची. जॉन बेगने बांधलेली, वरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. आत शिरलं की मान आपोआप वर जाते. मामांनी मात्र वर बघितलंच नाही. सरळ खिडक्यांच्या रांगेकडे गेले, एका जागी थांबले. "इथे होती मनिऑर्डरची खिडकी," म्हणाले. बरोबर तिथेच होती की नाही कोण जाणे, इतक्या वर्षांत आतली मांडणी किती वेळा बदलली असेल. पण ते तिथे उभे राहिले आणि मग बाकावर बसून त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली.

तीस रुपये हातात आले सात तारखेला, मंगळवारी. बुधवारी सकाळी पोस्टात जायचं ठरलं होतं. पण युद्धाचे दिवस. कराचीवर हल्ला करून आलेल्या बोटी, परत निघणाऱ्या बोटी, फुटलेले पाइप, गळणारे व्हॉल्व्ह. डॉकयार्डात दोन-दोन पाळ्या सलग. रात्री शहरात ब्लॅकआउट, काचांना काळे कागद, बसच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग. बुधवारी मामा डॉकयार्डातच झोपले. गुरुवारीही. नोटा खिशात. शुक्रवारी, दहा तारखेला सकाळी चार्जमनने दोन तासांची सुट्टी दिली. मामा चालत जीपीओला आले, रांगेत उभे राहिले, फॉर्म भरला.

मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली संदेशाची जागा असायची. ज्यांना पत्र लिहिता यायचं नाही, त्यांचं सगळं त्या दोन ओळींत. मुंबईतून कोकणात किती संसार त्या दोन ओळींवर चालले. 1880 पासून ही सोय होती, ती कागदी मनिऑर्डर 2015 साली बंद झाली. मामांनी त्या जागेत त्या मुलाच्या वतीने लिहिलं, आपल्या मोडक्या हिंदीत, जसं त्याने सांगितलं होतं तसं. 'मैं ठीक हूँ. चिंता मत करना.'

शिक्का बसला. पावती घेतली. दहा डिसेंबर, सकाळ.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत डॉकयार्डात कुजबुज सुरू झाली.

"बाय, मी लिहिलं तेव्हा तो नव्हता गं," मामा म्हणाले. "आदल्या रात्रीच गेलेला. मी त्याच्या नावाने लिहिलं, ठीक हूँ."

बाकावर आमच्या शेजारी एक बाई पासबुक घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली मामांपुढे धरली. मामांनी घेतली.

तार आधी पोहोचली की मनिऑर्डर, हे मामांना कधीच कळलं नाही. मनिऑर्डर मिळाली की पैसे घेणाऱ्याची सही होऊन पोचपावती परत यायची. ती लालबागच्या खोलीवर आली, तिच्यावर अंगठा होता. आईचा की बापाचा, ते अंगठ्यावरून कसं कळणार? तारीखही पुसट होती. मामांनी ती पावती वीस वर्षं जपली, मग एका पावसात पेटी भिजली त्यात गेली.

मी त्यांना सांगितलं की दोन दिवस आधी मनिऑर्डर केली असती तरी ती घरी पोहोचायच्या आत हे घडलंच असतं. पोस्टाला चार-पाच दिवस लागायचेच. हिशेब बरोबर आहे, मामांनी तो माझ्याआधी हजार वेळा केला असणार. पण आठ तारखेला लिहिलं असतं तर ते खरं असतं. लिहिताना तो जिवंत असता, ठीक असता. एवढाच फरक आहे आणि तो मामांच्या दृष्टीने फार मोठा आहे. मला तो पटतो.

दुपारनंतर कुलाब्याला गेलो. नेव्ही नगरात कॅप्टन मुल्ला सभागृह आहे, खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्या नावाचं. दारावरच्या जवानाने ओळखपत्र आणि पास विचारला. मामांनी जुनं निवृत्तीचं कार्ड दाखवलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, परत दिलं, आणि फार हळू आवाजात सांगितलं की यावर सोडता येणार नाही. मामा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." सभागृह बाहेरून दिसत नाही. नाव आहे हे माहीत असणं, तेवढंच पदरात पडलं.

परतताना अफगाण चर्चमध्ये थोडं बसलो. 1838 ते 1843 च्या मोहिमांत सिंध आणि अफगाणिस्तानात मेलेल्या सैनिकांसाठी बांधलेलं चर्च, 1858 मध्ये खुलं झालं. उंच मनोरा, आत रंगीत काचा आणि भिंतींवर स्मृतिफलक. साम्राज्यासाठी लढणाऱ्या फौजेची ती माणसं. आमचं त्यांच्याशी नातं काही नाही. पण त्यांची आठवण सांगणाऱ्या भिंतीपाशी कुणीही येऊन बसू शकतं. मला ह्याचा हेवा वाटला, आणि तो मी लपवणार नाही. खुकरीचं स्मारक दीवला आहे, समुद्राकडे तोंड केलेल्या उंचवट्यावर, काचेत ठेवलेली जहाजाची प्रतिकृती. 1999 च्या डिसेंबरात ते उभं राहिलं. आपल्याच माझगाव डॉकमध्ये बांधलेली दुसरी खुकरी 1989 ते 2021 अशी सेवा करून आता दीवलाच संग्रहालय म्हणून उभी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात 2019 पासून स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या हुतात्म्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. सगळं योग्य ठिकाणी झालंय. फक्त ज्या शहराने त्यांना शेवटचं पाहिलं, जिथला शेवटचा चहा ते प्यायले, तिथे सर्वसामान्य माणसाला हात लावता येईल असा, खुकरीबरोबर गेलेल्या 194 जणांच्या नावांचा एक दगड हवा. गेटवेजवळ, फेरीची तिकिटं काढणाऱ्या रांगेला दिसेल असा.


दिवस तिसरा : 9 डिसेंबर

सकाळी गेटवेवरून मांडव्याच्या बोटीत बसलो. मांडव्याला काही काम नव्हतं. मामांना फक्त बंदराच्या तोंडापर्यंत जायचं होतं. सुटीचा दिवस नसूनही बोट भरलेली. सीगल पक्षी मागे लागले होते, पोरं त्यांना कुरकुरे टाकत होती. डॉकयार्डच्या बाजूला राखाडी जहाजं दिसली, मामांनी लांबूनच कुठली कुठल्या वर्गातली ते सांगितलं. फोटो काढायचा नसतो, ते त्यांनी एका मुलाला समजावलं.

बोट खुल्या पाण्यात आली तसं उजवीकडे कुलाब्याचं टोक आणि त्याच्या पलीकडे प्राँग्ज दीपगृह दिसलं. तिथून वळून जहाजं उघड्या समुद्रात जातात. "इथूनच," मामा म्हणाले. आणि मग कठड्याला धरून त्यांनी मला पूर्ण सांगितलं, एखाद्या बिघाडाची तपासणी सांगावी तसं, एकामागून एक.

खुकरीचं काम पाणबुडी शोधायचं, पण तिचा सोनार, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून शोध घेणारं यंत्र, जुना. समोर होती पाकिस्तानची हंगोर, फ्रान्समध्ये बांधलेली डॅफ्ने वर्गातली पाणबुडी, आपल्या जहाजाहून कितीतरी लांबचं ऐकणारी. पाण्याचे थर गरम-गार असले की आवाज वाकतो, वर तरंगणाऱ्या जहाजाला खालचं नीट ऐकू येत नाही. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता, त्यासाठी ती हळू चालली होती. वेग कमी असला की ऐकू जास्त येतं. आणि नेमकं दुसऱ्यालाही नेम धरणं सोपं जातं. हंगोरने पहिला पाणतीर किरपाणवर सोडला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. रात्री 8 वाजून 50 मिनिटांचा सुमार. दारूगोळ्याच्या कोठारापाशी स्फोट झाला आणि जहाज काही मिनिटांत गेलं.

18 अधिकारी, 176 नौसैनिक. एकूण 194. वाचले 67. त्यांना दुसऱ्या दिवशी कछाल या जहाजाने समुद्रातून उचललं. हंगोर निसटली. चार दिवस शोध चालला. आज ती कराचीत संग्रहालयात आहे.

कॅप्टन मुल्ला पंचेचाळीस वर्षांचे, गोरखपूरचे. त्यांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं, माणसांना पाण्यात ढकलून जहाजापासून दूर जायला लावलं, आणि स्वतः जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. हे सगळं देशाला माहीत आहे आणि माहीत असायलाच हवं. मामा त्यांचं नाव घेताना आजही 'साहेब' म्हणतात. पण त्यांच्या मनात सतत इंजिनरूम असते. पाण्याच्या रेषेखाली, चिंचोळ्या शिडीच्या तळाशी, उकाड्यात उभा असलेला माणूस. "ती शिडी मी पुसलीय बाय. एका वेळी एकच माणूस चढतो तिच्यावर."

ह्याच पाण्याने 17 जुलै 1947 ला रामदास बोटही घेतली होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सहाशेहून जास्त माणसं गेली. मामांचे वडील त्या बोटीचं नाव काढलं की गप्प व्हायचे. आमच्याकडे प्रत्येक पिढीला आपली आपली बोट आहे.

मांडव्याला उतरून नारळपाणी प्यायलो आणि त्याच बोटीने परत.

संध्याकाळी मामांना समुद्राकाठी बसायचं होतं. मी मरीन ड्राइव्ह म्हटलं. ते म्हणाले, तिथून दीवची बाजू दिसत नाही, मलबार हिल आडवी येते. डोक्यात सगळा नकाशा तयार होता. मग वरळी सी फेसला गेलो. साडेसातपासून कट्ट्यावर बसून होतो. माणसं फिरत होती, कुणी धावत होतं, कणसं भाजल्याचा वास येत होता. उजवीकडे सी लिंकचे दिवे. त्याच्या डाव्या अंगाला, वायव्येकडे, काळं पाणी आणि दूरवर मासेमारीच्या बोटींचे दोन-चार ठिपके.

मी मोबाइलवर घड्याळ बघत होते. मामांनी बघितलं नाही. पण बरोबर वेळेला ते उठले, चपला काढल्या आणि कट्ट्याला टेकून सरळ उभे राहिले. मीही उठले.

त्यांनी त्या मुलाचं नाव घेतलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. नावापुढे बापाचं नाव, मग गाव, मग पोस्ट, मग तहसील, मग जिल्हा, फॉर्मवर भरतात त्या क्रमाने, एकही न अडखळता. थोडं थांबले. मग म्हणाले,

"रुपये तीस. अक्षरी तीस फक्त."

संदेशाची जागा त्यांनी रिकामी सोडली.